फुकटात आलेला कुर्ता अन् क्रीम ठेवायची का? नवीन असाल तर हे वाचून घ्या

मागच्या महिन्यात माझी मामेबहीण राहायला आली होती, बी.कॉम. सेकंड इयरला आहे, सहा-सात महिन्यांपासून कपड्यांच्या अन् मेकअपच्या रील्स बनवून राहिली आहे, अन् आता तिला पार्सलं यायला लागली. तीन कुर्ते, एक को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचा टॉप अन् पॅन्ट), दोन सीरम, लिपस्टिकचा एक बॉक्स. तिने सगळं पलंगावर पसरवलं अन् मला म्हणाली, "ताई, यातलं मी काय घालू?" मी विचारलं, तुला काय आवडलं? तर ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "फुकट आलं ना, मग आवडलं की नाही हे कसं पाहायचं?"

तो प्रश्न डोक्यात राहून गेला. मी पण त्याच वाटेने गेलेली आहे अन् तेव्हा मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवते. अन् हे फक्त रील्सवाल्यांसाठी नाही हं. आपल्या घरात फुकटची वस्तू किती वाटांनी येते बघा ना, लग्नातला आहेर, संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेलं वाण, चुलत बहिणीला घट्ट झालेले ड्रेस, दुकानात बिल मोठं झालं म्हणून हातात दिलेलं सॅम्पलचं पाकीट, अन् आता ही बार्टरची, म्हणजे रीलच्या बदल्यात ब्रँडने पाठवलेली पार्सलं. सगळ्यांना एकच चाळणी लावता येते.

आमची आजी म्हणायची, धर्माची गाय अन् दात का गं नाय. म्हणजे दानात मिळालेल्या वस्तूची खोड काढू नये. देणाऱ्याचा मान म्हणून ते बरोबर आहे, त्याच्या तोंडावर खोड काढूच नका. पण गाय घरी आणल्यावर चारा आपल्यालाच घालावा लागतो ना. फुकटच्या कुर्त्याला पण चारा लागतो, त्यावर लेगिंग लागते, ओढणी लागते, अल्टर करावा लागतो, कपाटात जागा लागते, अन् अंगावर तो आपण घालतो, देणारा नाही. म्हणून घरी आल्यावर दात मोजायचे, अन् नीट मोजायचे.

आधी हे समजून घ्या की फुकट म्हटलं की डोकं वेगळं चालतं

हे फक्त तुमचंच होत नाही. २००७ साली डॅन एरिएली अन् त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. दोन चॉकलेटं ठेवली, एक भारी ट्रफल १५ सेंटला अन् एक साधं चॉकलेट १ सेंटला, तर घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी भारीवालं घेतलं. मग दोघांची किंमत फक्त एकेक सेंट कमी केली, म्हणजे ट्रफल १४ सेंट अन् साधं चॉकलेट फुकट, अन् सगळं उलटं झालं, बहुतेक लोक साध्याकडे वळले. किमतीतला फरक तेवढाच होता, चॉकलेटं तीच होती, पण शून्य दिसला अन् आवड बदलली. आपल्या पलंगावरच्या कुर्त्यांचं हेच होतं. म्हणून पुढचं सगळं त्या शून्याला बाजूला ठेवून पाहायसाठी आहे.

पायरी पहिली: पार्सल फोडायच्या आधी दोरी पाहा

तुमची स्टाइल काय आहे हे पिंटरेस्टवर सेव्ह केलेल्या फोटोंवरून कळत नाही, ते सगळं आपल्याला आवडायला हवं असं वाटतं ते असतं. खरी स्टाइल गच्चीवरच्या दोरीवर वाळत असते. जे आपण घालतो तेच धुवायला पडतं. पंधरा दिवस, दर वेळी कपडे वाळत घातले की दोरीचा एक फोटो काढून ठेवा, बस. पंधरा दिवसांनी ते फोटो एकामागून एक पाहा अन् वहीत लिहा की कोणता कुर्ता तीनदा दिसला, त्याचं कापड काय, बाही किती, गळा कसा, रंग कोणता, लांबी गुडघ्याच्या वर की खाली.

मी हे केलं तेव्हा मला चकितच व्हायला झालं. मला वाटायचं की मी रंगीबेरंगी घालणारी मुलगी आहे, अन् दोरीवर सगळा निळा, राखाडी अन् मातकट हिरवा, सगळं कॉटन, बाही कोपरापर्यंत, अन् एकही अनारकली नाही, कारण मी रोज नागपुरात मनीषनगरहून सदरला ॲक्टिवावर जाते अन् घेराचा ड्रेस चाकात जाईल अशी भीती वाटते. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे बरं का. स्टाइल म्हणजे आपला दिवस कसा जातो तेच. नागपुरात उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट घालून गाडी चालवणाऱ्या मुलीचा भारी कॉलरवाला ब्लाऊज कोणाला दिसणार अन् तो तिला टोचेल किती, हा विचार फोटोत येत नाही.

दोरीवरून चार-पाच ओळी निघाल्या की त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझ्या अशा आहेत: कॉटन किंवा खादी, चालताना पाय मोकळे, गळा बंद पण कॉलर नको, एक रंग किंवा बारीक प्रिंट, इस्त्री नाही केली तरी चालेल. फुकटची वस्तू यातल्या निदान तीन गोष्टींत बसली पाहिजे. दोनच जुळत असतील तर मी एक रात्र थांबते. एकच जुळली तर नाही.

कधीतरी काही नवीन करून पाहायचं असेल तर? करा की. पण एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवा. कापड ओळखीचं असू द्या अन् रंग नवीन, किंवा रंग ओळखीचा अन् कट नवीन. सगळंच एकदम नवीन असलं की आपण ते कपाटातून बाहेरच काढत नाही.

पायरी दुसरी: बर्डीवर असता तर?

आता पार्सल फोडा, पण टॅग पाहायच्या आधी कुर्ता हँगरला लटकवा अन् डोळ्यांसमोर सीताबर्डीचा, म्हणजे आपल्या नागपूरच्या बर्डी बाजाराचा मेन रोड आणा, संध्याकाळची वेळ, दोन्ही बाजूला कपडे लटकलेले, गर्दीत तुम्ही मैत्रिणीसोबत चालून राहिल्या आहात. हा कुर्ता तिथे लटकलेला असता तर पाय थांबले असते का? थांबले असते तर "भाऊ, हा कितीला?" असं विचारलं असतं का? अन् भाऊंनी ९०० सांगितले असते तर तुम्ही किती म्हटलं असतं?

तो आकडा कागदावर लिहा. खरा लिहा. ३५० वाटला तर ३५०. मग खर्च मांडा, मॅचिंग लेगिंग घ्यावी लागेल का, अल्टरचे किती, आत स्लिप लागेल का, ड्रायक्लीन लिहिलं आहे का, तसं असेल तर दर वेळचा खर्च. हा खर्च तुमच्या लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाऊन राहिला तर वस्तू फुकट नाही, महाग आहे. माझ्याकडे एक को-ऑर्ड सेट आला होता, दिसायला इतका सुंदर, मी कागदावर ७०० लिहिले होते, अन् त्याची पॅन्ट खालून चार इंच लांब, कंबर ढिली, वरचा टॉप पारदर्शक. टेलरकडे गेली, आतून स्लिप घेतली, त्याच्यावर जाईल अशी चप्पल नव्हती ती घेतली, अन् सगळं मिळून हजाराच्या वर गेलं, अन् तो सेट मी दोनदाच घातला. आकडा आधी मांडला असता तर तो सेट तेव्हाच परत गेला असता.

टॅगवरची एमआरपी शेवटी पाहा, अन् पाहून आपला आकडा बदलू नका. टॅगवर २,४९९ छापलं म्हणून तुमच्या मनातले ३५० वाढत नाहीत.

पायरी तिसरी: कापडाला हात लावा, अन् मे महिना आठवा

इथे मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण नागपुरात कपडा आवडणं न आवडणं शेवटी उन्हावर येऊन थांबतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, २०१३ च्या २३ मे ला तर ४७.९ होता. अशा उन्हात पॉलिएस्टरचा अस्तरवाला कुर्ता म्हणजे अंगावर गुंडाळलेलं प्लास्टिक. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, घाम तसाच कातडीवर राहतो, मग पाठीवर अन् काखेत घामोळ्या, अन् वास बसतो तो धुऊन पण पूर्ण जात नाही. मी हे स्वतः भोगलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका लहान ब्रँडने मोहरी रंगाचा कुर्ता पाठवला होता, सोबतच्या कागदावर प्युअर कॉटन लिहिलेलं, मी विश्वास ठेवला अन् एप्रिलच्या शेवटी सकाळी फुटाळा तलावावर शूट ठेवलं. नऊ वाजेपर्यंत पाठ लाल झाली होती. घरी येऊन आतला धागा जाळून पाहिला तर तो वितळून त्याचा काळा कडक मणी झाला. कॉटनचा कसा होईल?

म्हणून ही परीक्षा शिकून घ्या, अगदी सोपी आहे. कुर्ता उलटा करा, शिवणीच्या आतल्या मायेतून, म्हणजे शिवताना आत सोडलेल्या जादा कापडातून, एक-दोन धागे ओढा, कपडा खराब होत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या ताटलीत ठेवा, चिमट्यात धरा, काडी लावा, ओढणी-केस मागे. कॉटन कागदासारखं भुरूभुरू जळतं, जळक्या कागदाचा वास येतो, अन् मागे हलकी राख राहते जी बोटाने चुरते. रेयॉन अन् व्हिस्कोस पण असेच जळतात, म्हणून तेवढ्यावरून कॉटन म्हणू नका, त्यांची ओळख हाताला जास्त येते, थंड, गुळगुळीत, अन् ओलं झालं की जड होऊन लटकतात. रेशीम अन् लोकर जळल्या केसासारखा वास देतात. पॉलिएस्टर वितळतं अन् कडक मणी होतो. मिक्स असेल तर थोडं जळतं, थोडं मणी बनतं.

रेयॉनचं एक सांगून ठेवते, ते अंगाला मस्त लागतं, उन्हात चालतं, पण पहिल्या धुण्यात बरंच आटतं. म्हणून रेयॉनचा कुर्ता अंगावर बरोब्बर बसला तर खूश होऊ नका, थोडा ढिलाच बरा.

रंगाची परीक्षा पण लगेच करा. पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला दहा-पंधरा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर घामाने तो तुमच्या अंगाला, ब्राला अन् गाडीच्या सीटला पण लागेल. गडद लाल, काळा, इंडिगो, यांच्यात थोडा निघतोच, तो वेगळा धुवायचा. फिका गुलाबी पण निघत असेल तर तो कपडा मी ठेवत नाही.

पायरी चौथी: फिटिंग, अन् आतली माया

एस, एम, एल यावर जाऊ नका, एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एल असतो. दोरीवर सगळ्यात जास्त दिसणारा तुमचा लाडका कुर्ता जमिनीवर सपाट पसरवा अन् टेपने एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा, लांबी अन् बाहीचा घेर मोजा. हे चार आकडे फोनमध्ये ठेवा. कोणी काही पाठवतो म्हटलं की आधी हेच आकडे पाठवा, अर्धी पार्सलं तिथेच गळून जातात.

आलेल्या कपड्यात पहिले खांदा पाहायचा. छाती-कंबर ढिली असली तर कोणताही टेलर दाबून देतो, लांबी कमी करून देतो, पण खांदा उतरलेला असला अन् मुंढा (बाही जोडतात तो भाग) खोल असला तर तो कुर्ता उसवून परत शिवावा लागतो, त्याच्यात पडू नका. घट्ट असेल तर उलटा करून बाजूची माया पाहा. एक-एक इंच माया असेल तर उसवून मोकळा होतो, अन् रेडिमेडच्या पुष्कळ कपड्यांत ती पाव इंच पण नसते, ओव्हरलॉक मारून कापून टाकलेली असते. म्हणून चुलत बहिणीचा जुना, टेलरने शिवलेला ड्रेस कधी कधी नवीन पार्सलपेक्षा भारी पडतो, त्यात माया असते अन् कापड धुऊन धुऊन बसलेलं असतं, आता ना आटणार ना रंग सोडणार.

मग घालून पाहा, पण आरशासमोर उभं राहून नाही. घालून मांडी घालून जेवायला बसा, हात वर करून डब्यांच्या फळीवरचा डबा काढा, गाडीवर बसून पाहा, वाकून चपलेचा पट्टा लावा. तीन तास घरातच घालून राहा, टॅग न तोडता. तीन तासांत किती वेळा ओढलं-सारखं केलं ते मोजा. गळा सारखा करावा लागत असेल, पॅन्ट वर ओढावी लागत असेल तर बाहेर गेल्यावर दिवसभर तेच होणार.

रंग चेहऱ्याला जातो का हे ट्यूबलाइटमध्ये कळत नाही. सकाळी खिडकीजवळ, मेकअप न करता, कपडा हनुवटीखाली धरा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गडद दिसून राहिली अन् चेहरा थकलेला वाटला तर तो रंग चेहऱ्यापासून दूर, म्हणजे पॅन्ट-स्कर्टमध्ये चालेल, कुर्त्यात नाही. सावळ्या रंगाला अमुक शोभत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, आपल्या आज्या-मावश्या गडद हिरवी अन् जांभळी काठाची लुगडी नेसून काय देखण्या दिसायच्या.

आहेराच्या साडीचं थोडक्यात

आहेराची साडी परत करता येत नाही, करू पण नये. पण नेसलीच पाहिजे असं नाही. काठ चांगला असेल अन् अंग सिंथेटिक असेल तर काठ काढून कॉटनच्या कुर्त्याला लावता येतो. अंग चांगलं असेल तर ड्रेस शिवा. दोन्ही नसेल तर फॉल-पिको करण्यात पैसे घालू नका, तशीच घडी ठेवा अन् पुढच्या लग्नात द्या, फक्त कोणी दिली होती त्याची चिठ्ठी घडीत ठेवा, नाहीतर त्याच घरी परत जाते.

पायरी पाचवी: क्रीम, लिपस्टिक, सीरम. इथे आवडीच्या आधी लेबल

कपडा चुकला तर पाठ लाल होते अन् दोन दिवसांत बरी होते. क्रीम चुकली तर महिने जातात. म्हणून इथे माझा नियम कडक आहे, लेबल पूर्ण नसेल तर आवड-निवड पाहायचीच नाही, सरळ बाजूला.

आपल्याकडे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत, त्याप्रमाणे डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख हे सगळं पाहिजे. बाहेरून आलेलं असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता अन् रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. अगदी छोट्या सॅम्पलवर घटकांची यादी नसू शकते, तेवढी सूट आहे, तेव्हा त्याच वस्तूच्या मोठ्या पॅकची यादी नेटवर पाहून घ्या. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून "केशर अन् चंदनयुक्त" लिहिलेल्या क्रीमच्या यादीत केशर अगदी शेवटी, सुगंधाच्या पण मागे दिसलं तर ते किती असेल हे तुम्हीच समजा. डब्याच्या मागे उघड्या झाकणाच्या बरणीचं चित्र असतं, त्यात १२ किंवा ६ अन् पुढे एम, म्हणजे उघडल्यावर इतके महिने. मस्कारा तर उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यायचा. वापरलेला मस्कारा, काजळ, लिपस्टिक बहिणीकडून पण घ्यायची नाही, डोळे येण्याचं ते एक कारण आहे.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. साध्या डबीत, लेबल अर्धवट, "सात दिवसांत उजळ" असं म्हणून कोणी पार्लरमधून, कोणी मैत्रिणीकडून देतं. त्यात पारा असू शकतो, स्टिरॉइड असू शकतं. नियमाप्रमाणे क्रीममध्ये पारा घालायलाच बंदी आहे, चुकून आला तरी १० लाख भागांत १ भागाच्या वर चालत नाही. २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या अकोल्यातली बातमी आली होती, एका घरातल्या आई अन् दोन मुलींच्या किडनीला त्रास झाला, मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये शोध घेतला तर क्रीममध्ये पारा सापडला. अन् बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं दिसली तर ते मेकअपचं सामान नाहीच, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आधी चेहरा उजळतो अन् मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, बंद केलं की जास्त येतं. फुकट असो की विकत, घरात ठेवू नका. दुसऱ्याला पण देऊ नका, कचऱ्यात टाका.

हळदीकुंकवाच्या वाणातल्या टिकल्यांकडे पण लक्ष द्या. स्वस्त टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, रोज एकाच जागी लावली तर तिथे पांढरा डाग पडू शकतो. आमच्या मावशीच्या कपाळावर आहे. खाज आली की ती टिकली त्याच दिवशी बंद, कुंकू-गंध पण त्याच जागी नको.

लेबल पास झालं की वास अन् रंग पाहा. पार्सल उन्हाळ्यात गाडीत किती तास तापलं हे आपल्याला माहीत नसतं. लिपस्टिकवर घामासारखे थेंब असले अन् जुन्या तेलासारखा वास आला, क्रीमचं पाणी वेगळं अन् गोळा वेगळा झाला, व्हिटॅमिन सी सीरम फिकं असायचं ते चहासारखं तपकिरी झालं, तर ते गेलं. सनस्क्रीन फाटल्यासारखं झालं असेल तर त्यावर अजिबात भरवसा ठेवू नका.

मग पॅच टेस्ट. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावा, दिवसातून दोनदा, किमान दोन दिवस, जमलं तर आठवडाभर, कारण ॲलर्जी काही वेळा दोन-तीन दिवसांनी उठते. मग कानामागे, मग जबड्याच्या एका कडेला. एका वेळी एकच नवीन वस्तू, दोन सीरम सोबत सुरू केले अन् पुरळ आलं तर कोणाचं हे कसं कळणार? लग्नाच्या किंवा शूटच्या आठवड्यात काहीही नवीन लावू नका, कितीही भारी ब्रँड असो.

फाउंडेशन मनगटावर पाहू नका, जबड्यावर तीन शेडच्या रेघा ओढा, पंधरा मिनिटं थांबा कारण ते हवेने गडद होतं, मग खिडकीत पाहा. ब्रँड आपल्याला बहुतेक वेळा एक शेड उजळच पाठवतो. मिक्स करून चालवून घेऊ असं मनात आलं तर थांबा, बर्डीचा प्रश्न परत विचारा, पैसे देऊन तुम्ही चुकीची शेड घेतली असती का? लिपस्टिक तर्री-पोहे खाऊन पाहा, खरंच सांगते, आपल्याकडे ओठांची परीक्षा तिथेच होते.

पायरी सहावी: बार्टर असेल तर हिशोब वेगळा

पार्सलच्या बदल्यात रील बनवायची असेल तर ते फुकट नाहीच, तुमचा शूटचा दिवस, एडिटिंग, अन् लोकांचा विश्वास गेला त्यात. २०२१ पासून जाहिरात परिषदेचे अन् जानेवारी २०२३ पासून ग्राहक मंत्रालयाचे नियम सांगतात की फुकट वस्तू मिळाली तरी ते पोस्टवर ठळक सांगायचं, ज्या भाषेत रील त्याच भाषेत. मराठीत बोलत असाल तर मराठीत "जाहिरात" लिहा, हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवू नका. फसवी जाहिरात ठरली तर दंड १० लाखांपर्यंत अन् पुन्हा तशीच जाहिरात केली तर ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. अन् १ जुलै २०२२ पासून एखाद्याने वर्षात २०,००० रुपयांच्या वर वस्तू दिल्या अन् तुम्ही ठेवल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घ्यायच्या कराचा नियम आला, परत केलेली वस्तू त्यात धरत नाहीत. म्हणून ठेवलेल्या अन् परत केलेल्या वस्तूंची वही ठेवा, तारीख अन् किंमत टाकून, सीएकडे जाल तेव्हा कामी येते.

होकार द्यायच्या आधीच विचारून घ्या: आवडलं नाही तर परत पाठवता येईल का, पिकअप कोण लावणार, वापरून पाहायला किती दिवस मिळतील. क्रीमला मी चार आठवडे मागते. तीन दिवसांत रील पाहिजे म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते, तीन दिवसांत कोणतीही क्रीम कळत नाही.

नाही कसं म्हणायचं

ब्रँडला मी असं लिहिते: "कुर्ता पाहिला, शिवण स्वच्छ आहे, पण मी पॉलिएस्टर घालत नाही म्हणून याची रील करता येणार नाही. कॉटनमध्ये काही असेल तर जरूर सांगा. पिकअप कधी लावता?" भांडण नाही, लांबण नाही. दहातले सात जण छान उत्तर देतात माझ्या अनुभवात, अन् दोघांनी तर पुढच्या वेळी माझ्या मापाचं कॉटन पाठवलं.

घरच्यांना जास्त जपून. काकू कपाट उघडून बसल्या अन् एकेक ड्रेस तुमच्या मांडीवर ठेवून राहिल्या की तिथेच, घरी न आणता, घालून पाहा. "काकू, हा निळा मी नेते, हा मला खांद्यात उतरतो, रिंकूला होईल ना?" असं लगेच म्हटलं की काकूंना वाईट वाटत नाही, उलट निळा खरंच आवडला हे त्यांना कळतं. सगळी पिशवी गोड बोलून घरी आणायची अन् मग वर्षभर ती पलंगाखाली, अन् काकूंनी दर वेळी विचारायचं की घातला का गं, हे दोघींसाठी वाईट आहे.

अन् ठरतच नसेल तर एक पिशवी दाराच्या मागे अडकवा, वर आजची तारीख लिहा, त्यात टाका. महिनाभरात त्यातला एखादा कपडा आठवून स्वतः काढून घातला तर तो तुमचा. बाकीचे धुऊन, बटणं लावून, ज्याला बसेल त्याला द्या, फाटके असतील तर बोहारीण येते तिला. मामेबहिणीने तशीच पिशवी लावली आहे. तीन कुर्त्यांपैकी एक तिने दुसऱ्याच दिवशी बाहेर काढला, बारीक चौकड्यांचा, कोपरापर्यंत बाही असलेला, अन् तोच घालून ती परवा झिरो माइलहून मेट्रोने घरी आली तेव्हा मला म्हणाली, "ताई, हा मी बर्डीवर साडेपाचशेला पण घेतला असता."